शुक्रवारची चाल

वसुंधरा, गाझियाबाद
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सॅमदादा,

दारफाळणीच्या सणाच्या, म्हणजे योम किप्पूरच्या, आदल्या दिवशी तुझा मेसेज आला. 'रूबेन, वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ कर. आई गेली तेव्हा मी येऊ शकलो नाही. तिला शेवटी माझी आठवणच राहिली नव्हती, वाट बघावी लागली नाही, एवढंच समाधान.'

त्यावर मी तुला जोडलेले हात पाठवले आणि एक अंगठा. दुसऱ्या दिवशी उपास धरून हुमायून रोडला सिनेगॉगमध्ये दिवसभर बसलो. पापांची यादी वाचताना सगळ्यांबरोबर छातीवर मूठ मारली. संध्याकाळी घरी आलो तर शुभदाने सरबत हातात दिलं आणि म्हणाली, "तुमचा फोन इथेच राहिला होता. दादांचा मेसेज वाचला मी. तुम्ही त्यांना अंगठा पाठवलात?"

मी सरबत पिऊन ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही त्यांना लिहा. दिवाळीपर्यंत वाट बघते. नाहीतर मी लिहीन."

फोन केला तर मी पुन्हा खोटं बोलेन, हे मला माहीत आहे. म्हणून कागद. बत्तीस वर्षं ऑफिसात नोटिंग लिहिली, पण असं कधी लिहिलं नाही. स्पीड पोस्टाने पाठवतो आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपलं भांडण झालं ते आठवत असेल. आईने तुला फोनवर सांगितलं होतं की रूबेन मला जेवायला देत नाही. त्या दुपारी तिने दोन वाट्या वरणभात खाल्ला होता आणि विसरली होती. तू माझ्यावर ओरडलास. मी म्हणालो, "आई आता कोणाला ओळखत नाही. तुझा फोन आला की दोन दिवस अस्वस्थ असते. डॉक्टरांनी फोन बंद करायला सांगितलंय." तू म्हणालास, "ठीक आहे. तिला त्रास नको."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंही नव्हतं. आई जेवणं विसरायची, शुक्रवार सोडला तर वार विसरायची, पण तुला ती शेवटच्या दिवसापर्यंत ओळखत होती. तुझा आवाज ओळखत होती म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. ते पुढे येईल.

त्या वेळी मला तिची काळजी वाटत होती. तुझे फोन नसले तर ती शांत राहील असं वाटलं.

आज इतकंच जमतंय.

रूबेन


वसुंधरा
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सॅमदादा,

मागच्या पत्रात काळजी वाटत होती असं लिहिलं. शुभदाला वाचून दाखवलं नव्हतं, पोस्टात टाकल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "काळजी?" आणि स्वयंपाकघरात गेली.

काळजी नव्हती.

गेल्या वर्षी जानेवारीत मी रिटायर झालो. तोपर्यंत शुक्रवारी साडेचारला मी ऑफिसात असायचो. तू शब्बाथच्या आधी आईला फोन करतोस, तुम्ही दोघं मिळून पप्पांच्या चालीवर शब्बाथच्या स्वागताचं गाणं म्हणता, हे मला ऐकून माहीत होतं. बघितलं पहिल्यांदा तेव्हा. चार वाजल्यापासून ती पांढरी साडी नेसून खुर्चीत बसायची. फोन वाजला की तिचा चेहरा असा व्हायचा की मला त्या खोलीत थांबवायचं नाही. तुझं गाणं झालं की तासभर तेच. "पप्पांच्या गळ्यातून थेट सॅमच्या गळ्यात गेलं बघ." तिच्या डोळ्यांत थेंब मी घालायचो, अंघोळीला मी न्यायचो, शुभदा शाळेत असायची म्हणून केसही मीच विंचरायचो. आणि मी कधी सहज सूर लावला तर म्हणायची, "तू नको रे, बाळा. तू नुसतं आमेन म्हण."

तुला माझं बार मित्झ्वा आठवतं का? तुला आठवायचं कारण नाही. मी तेरा वर्षांचा होतो, तू सोळा. सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उतारा म्हणताना दुसऱ्या ओळीला माझा सूर गेला. पप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, मागे वळून तुला नुसती मान हलवली. तू जागेवरून उचललंस आणि शेवटपर्यंत म्हटलंस. मी पुस्तक धरून उभा होतो. घरी सगळे म्हणाले किती छान झालं. त्यानंतर मी चार माणसांत तोंड उघडून गायलो नाही.

या वयात हे सांगायची लाज वाटते. पण तुझा फोन बंद करण्याचं कारण ते होतं.

आईच्या त्या बटणांच्या फोनवर मी तुझा नंबर ब्लॉक केला. पहिल्या शुक्रवारी तिला सांगितलं, नेटवर्क नाही. दुसऱ्या शुक्रवारी, इस्रायलमध्ये युद्ध आहे, लाइन मिळत नाही. तिसऱ्या शुक्रवारी तिने विचारलंच नाही. साडी नेसून बसली, अंधार झाल्यावर शुभदाने हात धरून तिच्याकडून मेणबत्त्या लाववून घेतल्या, आणि ती जेवली नाही. शनिवारीही नाही.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. 'डॉक्टरांनी परवानगी दिली' म्हटलं असतं तरी चाललं असतं. एका खोट्यावर दुसरं चढवून का होईना, तू तिला मिळाला असतास. मी ते केलं नाही.

२९ मार्चच्या शुक्रवारी मी बाल्कनीत गेलो, दार ओढून घेतलं आणि माझ्या मोबाइलवरून तिच्या फोनला रिंग दिली.

फोनवर आपल्या दोघांचा आवाज सारखा येतो, हे तुला माहीत आहे. कितीदा वहिनी मला तू समजून बोलल्या आहेत. मी म्हणालो, "शब्बाथ शालोम, आई. सॅम बोलतोय."

ती रडली. मग म्हणाली, "कुठे होतास रे? गा."

मी गायलो. मध्येच दोनदा आवाज फाटला. ती म्हणाली, "सर्दी झालीय का?" मी म्हणालो, हो.

रूबेन


वसुंधरा
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सॅमदादा,

दिवाळी झाली. शुभदाने काही विचारलं नाही, पोस्टाच्या पावत्या तिने बघितल्या आहेत.

सुरुवातीला तिला वाटलं मी आईसाठी करतो आहे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "चांगलं करताय, पण दादांना सांगा, तेही बोलतील." मी म्हटलं, सांगतो. मेमध्ये पुन्हा विचारलं. जूनमध्ये म्हणाली, "तुम्हाला हे आवडायला लागलंय." तिचं बरोबर होतं.

सोसायटीच्या खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून मी रोज सकाळी रियाज करायचो. तू २०१५ मध्ये आला होतास तेव्हाचं तुझं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पप्पांची चाल तू जिथे भजनासारखी लांबवतोस आणि मग एकदम खाली सोडतोस, ती जागा मी दीड महिना घोटली. गार्डला वाटायचं साहेब पूजा करतात. ऑगस्टपर्यंत चाल बसली. त्या शुक्रवारी आई म्हणाली, "आज अगदी पप्पा आठवले." मी बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडला धरून उभा राहिलो. साठ वर्षांत तिने मला असं काही म्हटलं नव्हतं. तेव्हाही मला म्हटलं नव्हतं, पण मी ते घेतलं.

दर आठवड्याला तू मला मेसेज करायचास, 'आई कशी आहे?' मी लिहायचो, 'तशीच. ओळखत नाही.' कधी कधी तिच्याशी तू होऊन बोलून आत यायचो आणि लगेच ते लिहायचो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

या वर्षी मार्चमध्ये, पेसाहच्या सणाच्या आधी, गाणं झाल्यावर तिने आवाज बारीक केला. "सॅम, रूबेन आसपास नाहीये. एक सांगू?"

मी म्हणालो, "सांग."

"मला तुझ्याकडे ने."

"का, आई? तिथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. तो सगळं करतो. पण रागाने करतो. मला दिसत नाही ना, मला हात कळतात. केस विंचरतो तेव्हा कंगवा ओढतो. मी काही बोलत नाही. मला त्याची भीती वाटते जरा. हे त्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. तिने विचारलं, "नेशील ना?"

"नेईन. पेसाह झाला की येतो."

त्या क्षणी आत जाऊन तिच्या पायाशी बसायचं होतं. त्याऐवजी मी तुझ्या आवाजात तिला तारीख दिली. पुढच्या शुक्रवारी तिने तारीख विचारली, मी पुढची दिली. विमानं बंद आहेत, सुट्टी मिळत नाही, मे महिन्यात नक्की. तिने शुभदाकडून माळ्यावरची बॅग काढून घेतली. दोन साड्या, पप्पांची प्रार्थनेची शाल, थंडीचे मोजे. बॅग खाटेखाली ठेवली, आणि हात घालून ती आहे ना हे रोज बघायची. एकदा मला म्हणाली, "रूबेन, मी थोडे दिवस सॅमकडे जाऊन येते. तुला राग नाही ना?" मी म्हणालो, "नाही."

मी कंगवा हळू फिरवायला लागलो. बोटांनी गुंता सोडवून मग कंगवा. दोन आठवड्यांनी तिने तुला सांगितलं, "हल्ली बरा वागतो. मी जाणार म्हणून असेल."

जूनमध्ये तिला ताप आला. शुक्रवारी, वीस तारखेला, श्वास जड झाला होता आणि ती सारखं विचारत होती, साडेचार झाले का. शुभदा माझ्यामागे बाल्कनीत आली. "आता तरी खऱ्या दादांना लावा. मी पाया पडते तुमच्या."

मी तुझा नंबर लावला. तिकडे रिंग वाजायच्या आत तोडला. तू बोलला असतास तर एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. मला त्या मिनिटाची भीती वाटली. मग मी आईला लावला.

ती म्हणाली, "कुठे आहेस?"

मी म्हणालो, "एअरपोर्टवर."

"अच्छा," म्हणाली. "मग मी जागी राहते."

शुक्रवारची रात्र, शनिवार, ती जागी राहिली. दार वाजलं की मान वळवायची. रविवारी सकाळी गेली. तुला मी सांगितलं, शांतपणे गेली, कोणाची आठवण नव्हती. तू म्हणालास, बरं झालं, वाट बघावी लागली नाही.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. कशाची मागायची ते मलाच नीट मांडता येत नाही.

रूबेन


वसुंधरा
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सॅमदादा,

काल तुझा मेसेज आला. 'तिन्ही पत्रं मिळाली. आईने त्या फोनवर जे जे सांगितलं ते सगळं लिहून पाठव. ती तुझ्याशी बोलत नव्हती. माझ्याशी बोलत होती. ते माझं आहे.'

बरोबर आहे. पासष्ट शुक्रवार होते. जेवढं आठवतं तेवढं वेगळ्या वहीत लिहितो आहे, वही भरली की पाठवीन. माझ्याबद्दलचं काही गाळत नाही. शुभदा मेणबत्त्यांसाठी आईजवळ असायची, तिला आठवतं तेही घालतो.

थोडं आत्ताच लिहितो. सायरन वाजला की जिन्यात थांबू नकोस, भिंतीला टेकून बस, असं तिने तुला निदान वीसदा सांगितलं. पप्पांची शाल तुझ्या नोआच्या होणाऱ्या नवऱ्याला द्यायची आहे. तू पहिल्यांदा इस्रायलला गेलास तेव्हा ती स्टेशनवर आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली, ते खोटं होतं. तुला जाताना तिला बघवलं नसतं. याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटायचं. तिने तुला विचारलं होतं, तू रागावला होतास का? मी म्हणालो, नाही. आता तू खरं काय ते ठरव.

आणि एक गाणं आहे.

झिराड गावच्या आजीचं. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी लावताना बायका म्हणायच्या. पप्पांना येत नव्हतं, कारण ते बायकांचं. आईने आपल्यासमोर कधी म्हटलं नव्हतं. या वर्षी जानेवारीत ती तुला म्हणाली, "मला मुलगी नाही. सुनांना सूर नाही. तूच शिकून घे. नोआच्या मेंदीला म्हण. रूबेनला नाही शिकवत, त्याच्या गळ्यात राहत नाही." मग दर शुक्रवारी एक-एक ओळ. अकरा शुक्रवार लागले. शब्द असे आहेत:

राहेल आली विहिरीपाशी,
शिळा सारिली याकोबाने,
पाणी पाजिलं तिच्या मेंढ्यांना,
सात वर्षं मोजिली त्याने.

अशी चार कडवी आहेत, बाकीची वहीत लिहिली आहेत. पण चाल लिहिता येत नाही. शुभदाच्या शाळेतल्या संगीताच्या बाई, वासंतीताई, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेटीवर बसवून सरगम लिहून दिली. वाचून दाखवली तर ते आईचं गाणं राहिलेलं नव्हतं. त्या स्वतःच म्हणाल्या, "हे दोन सुरांच्या मधलं आहे, कागदावर येणार नाही. तुम्हाला गाऊनच द्यावं लागेल."

नोआची मेंदी डिसेंबरात आहे, हे वहिनींच्या फेसबुकवरून कळलं. ते गाणं आता फक्त माझ्याकडे आहे, आणि माझं नाही. तू म्हणशील तेव्हा फोन करतो. रेकॉर्ड करून पाठव म्हणालास तर तसं करतो. माझा आवाज ऐकायचा नसेल तर तेही मला समजेल.

रूबेन


वसुंधरा
२८ डिसेंबर २०२५

प्रिय सॅमदादा,

वही काल पोस्टात टाकली. शाल आणि बॅगेतलं बाकी सगळं वेगळ्या पार्सलने.

पाच तारखेच्या फोनबद्दल लिहायचं आहे. तू उचललास. मी म्हणालो, "रूबेन बोलतोय." आईच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी उभा राहून बोलत होतो. मग म्हणालास, "म्हण."

मी पहिलं कडवं म्हटलं. तू म्हटलंस. तुझ्या गळ्यातून ते पहिल्याच वेळी कसं निघालं, ते ऐकून मला कळलं की आई कोणाला शिकवत होती. तीनदा म्हटल्यावर तू थांबलास.

"'शिळा सारिली'ला खाली उतरायचं? नक्की?"

"हो," मी म्हणालो.

"विचित्र वाटतं. तिथे वर जायला हवं."

"आईने असंच शिकवलं."

तू "ठीक आहे" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी कसा आहे विचारलं नाहीस, विचारायला नकोच होतं.

परवा वहिनींनी मेंदीचा व्हिडिओ टाकला. मी आणि शुभदाने तिच्या फोनवर पाहिला. नोआचे हात मेंदीने भरलेले, तू मध्ये उभा, आणि तुमच्या अश्दोदच्या सगळ्या बायका तुझ्यामागून म्हणताहेत. त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नसेल. 'शिळा सारिली'ला तू खाली उतरलास, आणि त्या पन्नास-साठ बायका तुझ्याबरोबर खाली उतरल्या.

शुभदाने व्हिडिओ थांबवला. "हे असं नाहीये," म्हणाली.

मी म्हणालो, "मला तर असंच ऐकू यायचं."

"आईंचा आवाज तिथे पोचायचा नाही. छातीत दम राहिला नव्हता. पण तिथे आल्या की त्यांचा हात वर जायचा. मी समोर बसलेली असायचे ना. दर वेळी. मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी बाल्कनीत होतो, दार लावून.

दादा, त्या ओळीला आवाज पडायचा तो आईचा की माझा, याची मला तेव्हाही खात्री नव्हती. तू 'नक्की?' विचारलंस तेव्हा 'माहीत नाही' म्हणायचं होतं. एवढे दोन शब्दही मला जमले नाहीत. सगळं कबूल करून झाल्यावरसुद्धा मी तुला खोटं सांगितलं, आणि ते आता तुझ्या मुलीच्या मेंदीत गायलं गेलं.

मी शुभदाला विचारलं, हात किती वर जायचा?

ती आईच्या खुर्चीत जाऊन बसली. उजवा हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले, आणि हळूहळू उचलत कपाळाच्याही वर नेला. तिथे जरा थांबली. मग हात सावकाश खाली आणला.

एवढं वर. तू जाऊ शकशील.

रूबेन